१७९० मध्ये बुडीत अमेरिकेची पत कशी उभी राहिली?

प्रश्न असा आहे: १७८६ मध्ये ज्या देशाला सैनिकांचा पगार आणि फ्रान्सचं व्याज देता येत नव्हतं, त्याने १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरचा लुईझियाना हा प्रदेश कसा घेतला? शिवाय ही वाढ जमीन आणि कापसामुळे झाली की पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनच्या धोरणांमुळे?

थोडक्यात सांगायचं तर जमीन आधीपासून होती आणि कापूस नंतर आला. मधली १७८९ ते १७९२ ही तीन-साडेतीन वर्षं निर्णायक ठरली. त्यात कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने केली हे महत्त्वाचं आहे. आधी जकात, मग कर्जाची फेररचना आणि त्यानंतर बँक. हा क्रम उलटला असता तर रोखे पुन्हा रद्दीच्या भावाने गेले असते.

१७८१ पासून लागू असलेल्या जुन्या राज्यसंघाच्या करारात काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे मागणी पाठवायची आणि राज्यं जमेल तेवढं द्यायची. १७८१ ते १७८६ या काळात सुमारे दीड कोटी डॉलर मागितले, हाती पंचवीस लाखही आले नाहीत. आयातीवर ५ टक्के कर लावायचा प्रस्ताव दोनदा आला. करार बदलायला तेराही राज्यांची संमती लागत असे. पहिल्या वेळी ऱ्होड आयलंडने आणि दुसऱ्या वेळी न्यूयॉर्कने तो अडवला. न्यूयॉर्कचं कारण सरळ होतं: स्वतःच्या बंदरातली जकात हेच त्यांचं मोठं उत्पन्न, ते इतरांना का द्यायचं? युद्धकाळात छापलेल्या कागदी डॉलरची किंमत १७८० मध्ये काँग्रेसनेच चाळीसास एक अशी ठरवली होती. मॅसॅच्युसेट्सने मात्र कर्ज फेडण्यासाठी रोखीत जबर कर लावले, तेव्हा पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांनी १७८६-८७ मध्ये डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली न्यायालयं बंद पाडली. एका बाजूला कर न मिळणारं केंद्र, दुसऱ्या बाजूला कराने पिळलेला शेतकरी, अशी ती स्थिती होती. १७८७ ची फिलाडेल्फियाची घटनापरिषद भरली ती या पार्श्वभूमीवर.

नव्या काँग्रेसने ४ जुलै १७८९ ला पहिला जकात कायदा केला. तेव्हा अर्थखातंही अस्तित्वात नव्हतं. ते २ सप्टेंबरला स्थापन झालं आणि हॅमिल्टनची नेमणूक ११ तारखेला झाली. म्हणजे जकातीचं श्रेय त्याच्या खात्यावर टाकू नये, त्यात काँग्रेस सदस्य जेम्स मॅडिसनचा हात मोठा होता. दर बहुतेक मालावर किमतीच्या ५ टक्के, आणि ठरावीक वस्तूंवर मापाने: ब्राउन शुगर पौंडाला १ सेंट, कॉफी अडीच सेंट, मीठ बुशेलला ६ सेंट, मदेरा वाइन गॅलनला १८ सेंट. मापाने लावलेल्या कराचा फायदा असा की खोटं बीजक दाखवून तो चुकवता येत नाही. पिंप मोजलं की कर ठरला.

जहाजांबाबतचा भेदभाव तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. बोही हा काळा चहा अमेरिकन जहाजातून थेट चीन-हिंदुस्थानातून आला तर पौंडाला ६ सेंट, अमेरिकन जहाजाने पण युरोपमार्गे आला तर ८, आणि परक्या जहाजातून आला तर १५. चहा सोडून चीन किंवा हिंदुस्थानचा इतर माल परक्या जहाजातून आला तर साडेबारा टक्के. जहाजाच्या क्षमतेवरच्या टनेज कराचंही तसंच: अमेरिकन बनावटीच्या व मालकीच्या जहाजाला टनाला ६ सेंट, संपूर्ण परक्याला ५० सेंट. सेलम, बोस्टन आणि फिलाडेल्फियाच्या जहाजमालकांनी दूर पूर्वेकडे जहाजं हाकारली, त्यामागे धाडसाइतकाच हा फरकही होता.

वसुली कशी चालायची, हे जवळून पाहायला हवं, कारण यंत्रणा इथेच उभी राहिली. मोठ्या बंदरात तीन अधिकारी असत: जकात वसूल करणारा कलेक्टर, त्याच्या नोंदी स्वतंत्रपणे तपासणारा नेव्हल ऑफिसर, आणि गोदीवर माल मोजून घेणारा सर्व्हेअर. जहाज आलं की कप्तानाने मालाची यादी द्यायची, व्यापाऱ्याने बीजकासह नोंद करायची. जकात ५० डॉलरपेक्षा जास्त असेल तर रोख भरायची सक्ती नव्हती, जामीनदारासह हमीपत्र लिहून देता येई. वेस्ट इंडीजच्या मालाला चार महिने, मदेरा वाइनला बारा, इतर बहुतेक मालाला सहा महिने मुदत. माल विकून आलेल्या पैशातून कर भरा, असा तो हिशेब. हमीपत्र थकलं की त्या व्यापाऱ्याला पुढच्या मालावर उधारी बंद. व्यापाऱ्याचा धंदाच त्या उधारीवर चालायचा, म्हणून पोलीस न पाठवताही वसुली होत असे. कायद्याने सोनं-चांदीतच जकात घ्यायची होती. हॅमिल्टनने पहिल्याच महिन्यात बँक ऑफ न्यूयॉर्क आणि बँक ऑफ नॉर्थ अमेरिका यांच्या नोटा चालतील असा हुकूम काढला. नाणं इतकं दुर्मीळ होतं की हे केलं नसतं तर वसुलीच अडली असती. चोरटी आयात रोखायला १७९० मध्ये दहा गस्ती नौकांची मंजुरी मिळाली.

आता कर्ज. जानेवारी १७९० च्या अहवालात हॅमिल्टनने आकडे मांडले: परदेशी कर्ज थकीत व्याजासह १ कोटी १७ लाख डॉलर, देशी कर्ज ४ कोटी २४ लाख, शिवाय राज्यांची कर्जं अंदाजे अडीच कोटी. या सगळ्यावर करारातल्या दराने व्याज द्यायचं तर वर्षाला ४५ लाखांच्या वर लागणार होते, आणि जकातीतून तेव्हा वर्षाला वीस लाखही धड येत नव्हते. पूर्ण व्याज देणं अशक्य आणि कर्ज नाकारणं म्हणजे पत कायमची गेली. यातून काढलेली वाट म्हणजे ४ ऑगस्ट १७९० चा कायदा.

समजा एका धारकाकडे १००० डॉलर मुद्दलाचा जुना कागद आहे आणि त्यावर ३०० डॉलर व्याज थकलंय. तो आपल्या राज्यातल्या कर्ज कार्यालयात जातो. मुद्दलाच्या दोन-तृतीयांश भागासाठी, म्हणजे ६६६.६७ डॉलरसाठी, त्याला लगेच ६ टक्के व्याज सुरू होणारा रोखा मिळतो. उरलेल्या ३३३.३३ साठी ६ टक्क्यांचाच, पण ज्याचं व्याज १८०१ पासून सुरू होईल असा लांबणीचा रोखा. आणि ३०० च्या थकीत व्याजासाठी ३ टक्क्यांचा रोखा. म्हणजे पहिली दहा वर्षं त्याला वर्षाला ४० अधिक ९, असे ४९ डॉलर मिळतील, १८०१ पासून ६९. व्याज दर तिमाहीला, रोख. सरकारचा बोजा दहा वर्षं हलका झाला, आणि मुद्दलाचा एक डॉलरही कापला असं कुणाला म्हणता येईना.

धारकाने हे का स्वीकारावं? एक तर आजवर काहीच मिळत नव्हतं. दुसरं, सरकारने ६ टक्क्यांच्या रोख्यांवर स्वतःचे हात बांधून घेतले: शंभर डॉलरमागे वर्षाला व्याज आणि मुद्दल मिळून ८ डॉलरपेक्षा जास्त फेड करायची नाही. बाजारातला व्याजदर पुढे उतरला, तरी सरकार हे महाग कर्ज झटकन फेडून स्वस्तात नवं काढू शकणार नव्हतं. आज रोखेबाजारात काम करणाऱ्याला हे कलम लगेच ओळखू येईल. १७८९ मध्ये शंभराचे कागद वीस-पंचवीसला जात होते. १७९१ च्या उन्हाळ्यात ६ टक्क्यांचा रोखा दर्शनी किमतीच्या वर गेला. (तेव्हाचे भाव वीस शिलिंगच्या पौंडाच्या हिशेबात छापले जात, त्यामुळे वर्तमानपत्रातलं ‘२२ शिलिंग’ म्हणजे शेकडा ११०. जुने तक्ते वाचताना इथे हमखास गोंधळ होतो.)

या योजनेचा अन्यायही खरा होता. सैनिकांनी आणि शेतकऱ्यांनी अडचणीपायी कवडीमोलाने विकलेले कागद सट्टेबाजांच्या हाती गेले होते. मूळ धारकालाही काही वाटा द्यावा असं मॅडिसनने सुचवलं. सभागृहाने ते ३६ विरुद्ध १३ मतांनी फेटाळलं. माझं मत विचाराल तर मॅडिसनची बाजू न्यायाची होती, पण अमलात आणण्यासारखी नव्हती. अनेक हातांतून गेलेल्या कागदाच्या व्यवहारांची नोंदच नव्हती, आणि खरेदीदाराचा हक्क पुढे कधीही कापला जाऊ शकतो असं एकदा दिसलं की रोख्यांचा बाजार उभाच राहत नाही.

राज्यांची कर्जं केंद्राने घेण्यावरून जास्त भांडण झालं. मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायनाचं कर्ज मोठं, व्हर्जिनियाने बरंचसं फेडलेलं. एप्रिल १७९० मध्ये हा प्रस्ताव दोन मतांनी पडला. पुढे परराष्ट्रमंत्री जेफरसनच्या घरच्या जेवणात तोड निघाली: राजधानी दहा वर्षं फिलाडेल्फियाला आणि मग पोटोमॅक नदीकाठी, आणि त्या बदल्यात कर्जहस्तांतराला दक्षिणेची पुरेशी मतं. कमाल २ कोटी १५ लाखांची मर्यादा ठरली. याचा राजकीय परिणाम आर्थिक परिणामाइतकाच मोठा होता. श्रीमंत धनको आता आपल्या राज्याकडे न पाहता केंद्राच्या जकातीकडे पाहू लागले, आणि राज्यांची देणी कमी झाल्याने तिथले थेट करही पुष्कळ उतरले. शेजच्या बंडासारखं बंड मॅसॅच्युसेट्समध्ये पुन्हा झालं नाही, त्याचं मोठं कारण हे.

बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची सनद फेब्रुवारी १७९१ ची, मुदत २० वर्षं. भांडवल १ कोटी डॉलर, ४०० डॉलरचे २५,००० शेअर. खुबी भरण्याच्या रीतीत होती: खासगी भागधारकाने एक चतुर्थांश रक्कम नाण्यात आणि तीन चतुर्थांश ६ टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत भरायची. त्यामुळे रोख्यांना आपोआप गिऱ्हाईक मिळालं. सरकारने आपला वीस लाखांचा वाटा बँकेकडूनच कर्ज काढून घेतला आणि ते दहा वार्षिक हप्त्यांत फेडायचं ठरलं. बँकेच्या नोटा जकातीत चालत.

४ जुलै १७९१ ला विक्री उघडली आणि तासाभरात संपली. २५ डॉलर भरून मिळणारी स्क्रिप, म्हणजे पुढे शेअर घेण्याच्या हक्काची पावती, ऑगस्टमध्ये तीनशेच्या आसपास गेली आणि मग कोसळली. पुढच्या मार्चमध्ये मोठा फटका बसला. विल्यम ड्यूअर हा हॅमिल्टनचा पूर्वीचा सहायक सचिव. त्याने उधारीवर, अगदी दुकानदार आणि विधवांकडूनही पैसा उचलून, रोखे आणि बँकांचे शेअर कोंडून धरायचा डाव मांडला होता. बँकांनी कर्ज आवरतं घेतलं, तो बुडाला आणि कर्जदारांच्या तुरुंगात गेला. रोख्यांचे भाव काही आठवड्यांत चांगलेच उतरले. इथे हॅमिल्टनने दोन गोष्टी केल्या. एक, कर्जफेड निधीतून बाजारात रोखे विकत घेतले. दोन, बँक ऑफ न्यूयॉर्कला कळवलं की सरकारी रोख्यांचं तारण असेल त्याला कर्ज नाकारू नका, फार तर ६ ऐवजी ७ टक्के घ्या. ड्यूअरला मात्र वाचवलं नाही. घसरण त्या वसंतातच थांबली. त्यानंतर १७ मे १७९२ ला २४ दलालांनी आपसात किमान पाव टक्का दलालीचा करार केला, त्यातून पुढे न्यूयॉर्कचा शेअर बाजार वाढला.

सगळंच जमलं असं नाही. १७९१ चा मद्यकर हे चुकीच्या आखणीचं उत्तम उदाहरण आहे. ग्रामीण भट्टीवर कर तिच्या आकारावर होता: गॅलनच्या क्षमतेमागे वर्षाला ६० सेंट. वर्षभर भट्टी चालवणाऱ्याला हा कर उत्पादित गॅलनमागे किरकोळ पडे. सुगीनंतर दोन-तीन महिनेच गाळणाऱ्या शेतकऱ्याला तोच जड. शिवाय पेनसिल्व्हेनियाच्या पश्चिमेला दारू हीच धान्य विकायची रीत होती. डोंगर ओलांडताना एका घोड्यावर राय धान्य ४ बुशेल जाई, दारू केली तर सुमारे २४ बुशेलचा ऐवज. नाणं तिथे क्वचित दिसे आणि कर नाण्यात. भर म्हणजे खटल्यासाठी तीनशे मैलांवरच्या फिलाडेल्फियाला जावं लागे. १७९४ मध्ये वसुली अधिकाऱ्याचं घर जाळलं गेलं, वॉशिंग्टनने सुमारे १३,००० मिलिशिया पाठवली. बंड मोडलं, पण वसुली त्या भागात कधीच धड झाली नाही. १८०२ मध्ये, जेफरसन राष्ट्राध्यक्ष असताना, कर रद्द झाला.

टाकसाळीचंही गणित चुकलं. १७९२ च्या कायद्याने सोनं-चांदीचं प्रमाण १५ ला १ धरलं. युरोपात सोन्याला साडेपंधरा मिळत होते. साहजिकच सोनं बाहेर गेलं. नवे चांदीचे डॉलर थोडे हलके, पण वेस्ट इंडीजमध्ये जड स्पॅनिश डॉलरच्या बरोबरीने चालत, म्हणून तेही निर्यात होऊ लागले. १८०६ मध्ये चांदीच्या डॉलरची पाडणी थांबवली. स्पॅनिश नाणी १८५७ पर्यंत कायदेशीर चलन राहिली.

कारखान्यांबाबत हॅमिल्टनचं नाव जरा जास्तच घेतलं जातं. डिसेंबर १७९१ च्या उद्योग अहवालातल्या जकातवाढीच्या बऱ्याच सूचना पुढच्या वर्षी मान्य झाल्या, उद्योगांना थेट रोख मदत देण्याच्या योजना नाहीत. पॅटरसनला पसेइक नदीच्या धबधब्यावर उभारलेली मोठी कंपनी ड्यूअरच्या दिवाळ्यात आणि खर्चिक कालव्यात अडकली. १७९६ मध्ये तिने कापड काढणं बंद केलं. पटकेटला सॅम्युअल स्लेटरची छोटी सूतगिरणी १७९० पासून चालली. त्याला यंत्रं हाताळायचा अनुभव होता, आणि सुरुवात लहान होती.

१७९३ नंतरची खरी भरभराट युरोपातल्या युद्धाने आणली. इंग्लंड-फ्रान्स भिडले आणि अमेरिकन जहाजं तटस्थ वाहतूकदार झाली. वेस्ट इंडीजची साखर-कॉफी अमेरिकेत उतरवायची, जकात भरायची, पुन्हा निर्यात केली की ती जवळजवळ सगळी परत. १८०६ मध्ये अशी पुनर्निर्यात सुमारे ६ कोटी डॉलरची होती, देशी मालाच्या निर्यातीहून जास्त. ब्रिटनशी झालेल्या १७९४ च्या जे कराराच्या १३ व्या कलमाने अमेरिकन जहाजांना ब्रिटिश हिंदुस्थानची बंदरं अधिकृतपणे खुली झाली, मुंबईही त्यात आली. बहुतेक जहाजं कलकत्त्यालाच जात. अट अशी की हिंदुस्थानचा माल थेट अमेरिकेतच उतरवायचा आणि किनारी व्यापार करायचा नाही.

डिसेंबर १८०७ मध्ये जेफरसनने निर्यातबंदी लादली. एकूण निर्यात १०.८ कोटींवरून १८०८ मध्ये २.२ कोटींवर आली. तरी त्या वर्षी जकातीचं उत्पन्न १.६ कोटींवरच दिसतं, आणि ते पाहून ‘बंदीचा तिजोरीवर परिणाम झाला नाही’ असं लिहिणारे भेटतात. कारण वर सांगितलेली हमीपत्रं: १८०७ च्या मालाचे पैसे १८०८ मध्ये जमा होत होते. १८०९ मध्ये आकडा ७३ लाखांवर आला.

कापसाचं काय? १७९१ मध्ये निर्यात दोन लाख पौंडही नव्हती. १७९३ मध्ये व्हिटनीचं जिन आलं (विदर्भ-खानदेशातल्या वाचकांना सरकी सोडवण्याचं काम वेगळं सांगायला नको), १८१० पर्यंत निर्यात ९ कोटी पौंडांवर. घटनेने निर्यातकराला बंदी केली होती, त्यामुळे कापसावर कर नव्हता, पण कापूस विकून येणाऱ्या आयातीवर होता. या वाढीची किंमत कुणी दिली हेही त्याच तक्त्यांत आहे: गुलामांची संख्या १७९० मध्ये सुमारे ७ लाख, १८१० मध्ये ११.९ लाख. ओहायोकडची जमीन ‘मोकळी’ नव्हती. १७९१ मध्ये मूळ रहिवाशांच्या आघाडीने सेंट क्लेअरच्या फौजेचा धुव्वा उडवला होता. १७९४ चा त्यांचा पराभव आणि १७९५ चा ग्रीनव्हिलचा तह यानंतरच ती मोठ्या प्रमाणावर विक्रीला निघाली.

जमीनविक्रीतही एक धडधडीत चूक आहे. १७८५ च्या कायद्याची आखणी चांगली होती: सहा मैलांचा चौरस, ६४० एकरांचे ३६ तुकडे, सोळावा तुकडा शाळेसाठी. पण ६४० एकर एकदम घेणं सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर. १८०० मध्ये तुकडा ३२० एकरांचा केला, भाव एकरी २ डॉलर, चौथाई आधी आणि बाकी चार वर्षांत. विक्री वाढली, उधारीही वाढली. १८१९ ला शेतमालाचे भाव पडले तेव्हा खरेदीदारांकडे दोन कोटींहून अधिक थकले होते. १८२० मध्ये उधारी बंद: ८० एकर, एकरी सव्वा डॉलर, रोख.

आता लुईझियाना. दीड कोटींपैकी १ कोटी साडेबारा लाख नव्या ६ टक्क्यांच्या रोख्यांत दिले, उरलेले अमेरिकन नागरिकांचे फ्रान्सवरचे दावे स्वतःवर घेऊन. नेपोलियनला रोकड हवी होती. लंडनच्या बेअरिंग आणि ॲम्स्टरडॅमच्या होप या पेढ्यांनी रोखे घेऊन ती दिली. या पेढ्यांनी १७८६ ला असा कागद हातात धरला नसता. जेफरसनचा अर्थमंत्री गॅलाटिन हा हॅमिल्टनचा कडवा टीकाकार, पण त्याने यंत्रणा मोडली नाही. लुईझियानाचं कर्ज धरून १८०४ ला ८.६ कोटी असलेलं देणं त्याने १८१२ पर्यंत ४.५ कोटींवर आणलं.

त्याच गॅलाटिनला बँकेची सनद वाढवून हवी होती. १८११ मध्ये प्रतिनिधिगृहात एका मताने आणि सिनेटमध्ये समसमान मतांनंतर उपराष्ट्राध्यक्ष क्लिंटनच्या निर्णायक मताने ती नाकारली गेली. बँकेचे बहुसंख्य शेअर परदेशी होते, त्यांच्यासाठी सुमारे ७० लाख डॉलर बाहेर पाठवावे लागले, तेही ब्रिटनशी होणाऱ्या युद्धाच्या तोंडावर. राज्यांच्या बँका ८८ वरून १८१६ पर्यंत २४६ झाल्या. ऑगस्ट १८१४ मध्ये वॉशिंग्टन जळाल्यावर न्यू इंग्लंडबाहेरच्या बँकांनी नोटांच्या बदल्यात नाणं देणं थांबवलं. सरकारकडे बाल्टिमोरला पैसे होते, पण त्या नोटा बोस्टनमध्ये कुणी घेईना, आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या रोख्यांचं व्याज थकलं. एप्रिल १८१६ मध्ये दुसऱ्या बँकेची सनद झाली: भांडवल ३.५ कोटी, सरकारचा वाटा पुन्हा पंचमांश, मुदत पुन्हा २० वर्षं. सही राष्ट्राध्यक्ष मॅडिसनची. १७९१ मध्ये पहिली बँक घटनाबाह्य आहे असं सभागृहात त्यानेच मांडलं होतं.